घरच्या बिअरचं आंबणं कसं तपासायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बिअर करणाऱ्यांचे प्रश्न कितीही वेगळे दिसले, तरी ते फिरतात दोनच गोष्टींभोवती: आंबतेय ना? आणि आंबून झाली का? सारखे येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. वेगळं काही म्हटलं नसेल तिथे २० लिटरची बॅच आणि १.०५० ही सुरुवातीची ग्रॅव्हिटी धरली आहे. घरी बिअर करायला सगळीकडे परवानगी नसते, म्हणून तुमच्याकडचा नियम आधी पाहून घ्या.

१. आंबताना नेमकं काय तपासायचं असतं?

मुख्यतः ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड आहे ते. पाणी १.०००. साखर विरघळलेला वॉर्ट (आंबण्याआधीचा धान्याचा गोड काढा) त्याहून जड, म्हणून १.०५०. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. वायू निघून जातो, अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं, त्यामुळे आकडा उतरत १.०१० च्या आसपास येतो. ग्रॅव्हिटीच्या जोडीला तापमान (प्रश्न ९) आणि वास-चव (प्रश्न ११) पाहायची. एवढ्या तीन गोष्टी वहीत तारीखवार लिहिल्या, तरी पुढचे बहुतेक प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

२. यीस्ट टाकून १२ तास झाले, काहीच हालचाल नाही. बॅच गेली का?

नाही. सुरुवातीला यीस्ट वॉर्टमधला ऑक्सिजन शोषून घेतं, पेशींची आवरणं मजबूत करतं आणि संख्या वाढवायच्या तयारीला लागतं. बाहेरून हे काहीच दिसत नाही. ६ ते २४ तास शांतता अगदी नेहमीची आहे. यीस्ट जुनं असेल, कमी पडलं असेल किंवा वॉर्ट थंड असेल, तर याहूनही उशीर होतो. ७२ तासांनंतर ग्रॅव्हिटी मोजा. आकडा जराही हलला नसेल, तर ताजं यीस्ट टाका. त्याआधी दर तासाला झाकण उघडून बघणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

३. एअरलॉकमधल्या बुडबुड्यांवरून अंदाज घेता येतो का?

एअरलॉक म्हणजे झाकणावरची पाणी भरलेली नळी, तिच्यातून वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. बुडबुड्यांवरून अंदाज येतो तो वायू बाहेर पडतोय एवढाच. आंबणं सुरू आहे की संपलं, हे त्यावरून ठरवू नका. सगळ्यात जास्त बॅचेस या एका सवयीपायी बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या उदाहरणातल्या बॅचमधून आंबण्याच्या काळात ४०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वायू सोपी वाट शोधतो. झाकणाची रबरी रिंग किंचित वाकडी बसली असेल, तर सगळा वायू तिथून जातो आणि आत जोरात आंबत असूनही एअरलॉक गप्प राहतो. उलटंही होतं. खोली तापली किंवा हवेचा दाब उतरला की बिअरमध्ये विरघळलेला वायू सुटतो आणि आंबून झालेल्या बिअरवरही बुडबुडे येतात.

माझ्या सुरुवातीच्या एका बॅचचे बुडबुडे सहाव्या दिवशी थांबले. मी ग्रॅव्हिटी न मोजताच बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून धाडकन आवाज आला. दार उघडलं तर एका बाटलीचा तळ जागेवर होता आणि मान वरच्या फळीच्या लाकडात रुतली होती. तेव्हा तिथे कुणी उभं नव्हतं, हे नशीब. बुडबुडे झाकणातल्या फटीमुळे थांबले होते, आंबणं चालूच होतं. त्या दिवसापासून हायड्रोमीटरने, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीने, मोजल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही.

४. हायड्रोमीटर नीट वाचायचा कसा?

नमुना उंच, अरुंद नळीत घ्या. हायड्रोमीटर काठांना न टेकता मोकळा तरंगला पाहिजे. आंबत्या बिअरमध्ये वायूचे बारीक मणी काचेला चिकटतात आणि हायड्रोमीटरला वर उचलून धरतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून आधी नमुना दोन भांड्यांत पाच-सहा वेळा वरखाली ओतून त्यातला वायू घालवा. मग हायड्रोमीटर सोडताना चिमटीत धरून त्याला हलकी गिरकी द्या, उरलेसुरले मणी सुटून जातात.

डोळा द्रवाच्या पातळीला आणा. द्रव दांडीला चिकटून काठाशी थोडा वर चढलेला दिसेल. तो चढलेला काठ सोडून खालची सपाट पातळी वाचा. मागे पांढरा कागद धरला तर रेघा स्वच्छ दिसतात. एक अपवाद: काही हायड्रोमीटर वरच्या काठावर वाचायचे असतात, तसं त्यांच्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं.

५. माझा हायड्रोमीटरच चुकीचा असेल तर?

असू शकतो, आणि ते तपासायला पाच मिनिटं पुरतात. हायड्रोमीटर ज्या तापमानासाठी बनवलेला असतो ते त्याच्या कागदावर छापलेलं असतं, सहसा २० अंश किंवा १५.६ अंश सेल्सिअस. त्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवायला हवा. माझा एक हायड्रोमीटर पाण्यात १.००४ दाखवायचा, म्हणजे चार अंक जास्त (एक अंक म्हणजे ०.००१), कारण आतली कागदाची पट्टी सरकली होती. हे कळायच्या आधी मी कितीतरी बॅचेस "चार अंक वर अडकल्या" म्हणून उगाच ढवळल्या होत्या. अशी चूक सापडली तर फेकायची गरज नाही, तेवढे अंक दर वेळी वजा करा.

नमुन्याच्या तापमानानेही आकडा बदलतो. २० अंशांसाठीचा हायड्रोमीटर ३० अंशांच्या नमुन्यात साधारण ०.००२ ते ०.००३ कमी दाखवतो, ४० अंशांना जवळपास ०.००६ कमी. उकळत्या वॉर्टमध्ये तो बुडवू नका. आकडा निरुपयोगी येतो आणि काचही तडकू शकते.

६. नमुना किती वेळा काढायचा? आणि तो परत ओतायचा का?

परत कधीच ओतायचा नाही. चाखा आणि टाकून द्या. २० लिटरमधून प्रत्येक वेळी १०० मिलिलिटर गेले, तर काही बिघडत नाही. पण जंतू लागलेला नमुना परत गेला, तर सगळी बॅच हातची जाते.

साध्या एलसाठी (एल म्हणजे कोमट तापमानाला आंबणारी बिअर) चार नमुने पुरतात: यीस्ट टाकण्यापूर्वी, चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि संपत आल्यावर दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन. दर उघडण्याला थोडा ऑक्सिजन आत शिरतो. पहिल्या दिवसांत यीस्ट जोमात असतं आणि आतून वायू वाहत असतो, तेव्हा त्याचा त्रास कमी. शेवटी मात्र त्याच ऑक्सिजनने बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. फर्मेंटरला, म्हणजे आंबवायच्या भांड्याला, खाली तोटी असेल तर उत्तम. तोटी वापरायच्या आधी आणि नंतर जंतुनाशकाने फवारून घ्या.

७. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात. मग हायड्रोमीटर कशाला?

आंबण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटर उत्तम. अल्कोहोल तयार झालं की तो फसतो, कारण तो द्रवाची घनता मोजत नाही, प्रकाश किती वळतो ते मोजतो, आणि अल्कोहोलही प्रकाश वळवतं. सुरुवातीला १२.४ ब्रिक्स (साखरेचं प्रमाण सांगणारं त्याचं एकक; म्हणजे आपलं १.०५०) असलेली बॅच खरी १.०१० वर आली, तरी तो ६ ब्रिक्सच्या आसपास दाखवतो. त्याचं सरळ रूपांतर केलं तर आकडा १.०२० च्या वर जातो आणि माणूस घाबरतो. दुरुस्तीचं सूत्र वापरणारे कॅल्क्युलेटर मिळतात, त्यांना सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. रोजचा कल पाहायला ते चालतात. बाटल्या भरायचा निर्णय हायड्रोमीटरवरच घ्या.

८. आत तरंगणारी डिजिटल उपकरणं घ्यावीत का?

टिल्ट, आयस्पिंडल यांसारखी उपकरणं वॉर्टमध्ये तिरकी तरंगतात. द्रव हलका झाला की त्यांचा कोन बदलतो, आणि त्या कोनावरून ग्रॅव्हिटी काढली जाते. झाकण न उघडता दर काही मिनिटांनी आकडा मिळतो, हा त्यांचा मोठा गुण. आलेखाची घसरण, तिचा वेग, ती कुठे सपाट झाली, हे सगळं दिसतं. मला स्वतःला आलेख पाहायला फार आवडतं, त्यातून यीस्टचा स्वभाव समजतो.

पण जाड फेस, चिकटलेलं यीस्ट किंवा हॉप्सचे (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचे) कण यांनी उपकरण कलतं आणि आकडा दोन-चार अंकांनी चुकतो, कधी मध्येच उडी मारतो. आलेख त्यांचा घ्या, शेवटचा आकडा प्रश्न ४ मधल्या पद्धतीने काढा.

९. तापमान खोलीचं मोजू की बिअरचं?

बिअरचं. आंबताना उष्णता निर्माण होते, आणि जोर असताना आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी जास्त असू शकतं. खोली २० अंशांवर आहे म्हणून तुम्ही निश्चिंत, आणि आत २४. सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला, द्रवाच्या पातळीच्या खाली चिकटवा आणि त्यावर फोमचा तुकडा किंवा घडी केलेलं फडकं बांधा, नाहीतर तो हवाच मोजत बसेल.

बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ अंश, लागर (थंडीत आंबणारी बिअर) यीस्टला ८ ते १३ अंश मानवतात. नॉर्वेतली पारंपरिक क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ काम करतात, तो वेगळाच प्रकार. बाकीच्यांसाठी पहिले तीन दिवस निर्णायक असतात. तेव्हा तापमान चढलं, तर घशाला जाळणारी जड अल्कोहोल तयार होतात आणि ती नंतर काही केल्या जात नाहीत. शेवटच्या दिवसांत दोन-तीन अंश वाढवणं मात्र फायद्याचं (प्रश्न ११).

१०. वर विचित्र थर दिसतोय. जंतुसंसर्ग आहे का?

पहिल्या आठवड्यातला तपकिरी, ठिगळं-ठिगळं असलेला, काठाला चिकटलेला फेस म्हणजे क्रॉयझन. दिसायला ओंगळ, पण निरोगी. तो बसल्यावर पृष्ठभागावर यीस्टची लहान बेटं किंवा साबणासारखे बुडबुडे राहतात, तेही ठीक.

काळजी कशाची करायची? सायीसारखा पातळ, पांढुरका, सुरकुतलेला पडदा, ज्याच्याखाली बुडबुडे अडकून फुगे आले आहेत. हे रानटी यीस्टचं किंवा जिवाणूंचं काम. केसाळ, हिरवे-काळे डाग म्हणजे बुरशी. ती बॅच ओतून द्या. शंका असेल तर फोटो काढा, दोन दिवसांनी पुन्हा काढून ताडून पाहा. पडदा पसरतो, यीस्टची बेटं पसरत नाहीत.

११. वास कसलाकसला येतोय. कुठला चालतो आणि कुठला नाही?

सडक्या अंड्यांचा वास गंधकाचा. लागर यीस्टमध्ये तो नेहमीचा, बहुतेक वेळा वायूबरोबर निघून जातो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कच्ची आहे, तिला यीस्टवर आणखी काही दिवस राहू द्या. व्हिनेगरसारखी नाकाला झोंबणारी आंबट धार मात्र संसर्गाची, आणि ती वाढतच जाते.

लोण्याचा किंवा बटर लावलेल्या पॉपकॉर्नचा वास डायअ‍ॅसिटिलचा. हा फसवा असतो. यीस्टमधून बाहेर पडलेलं एक वासहीन द्रव्य बिअरमध्ये हळूहळू डायअ‍ॅसिटिल बनतं आणि यीस्ट ते परत शोषून घेतं. घाईने बिअर थंड केली, तर ते द्रव्य तसंच राहतं. आज काहीच वास नाही, आणि महिन्याभराने बाटलीत लोणी.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. दोन झाकणाच्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक बरणी ६० ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दुसरी तशीच. मग पहिली दुसरीइतकी गार करा आणि दोन्हींची झाकणं उघडून वास घ्या. उष्णतेने लपलेल्या द्रव्याचं डायअ‍ॅसिटिल झालेलं असतं. गरम केलेल्या बरणीतून लोण्याचा वास आला, तर बिअर तयार नाही. लागर असेल, तर दोन-तृतीयांश साखर संपत आली की तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढू द्या आणि दोन-तीन दिवसांनी हीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही बरण्या सारख्या वाटल्या, की मगच थंड करा.

१२. आंबून झाली, असं नक्की कधी म्हणायचं?

तीन अटी एकत्र पुऱ्या झाल्या की. दोन-तीन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी तीच आली पाहिजे, ती अपेक्षित आकड्याच्या आसपास पाहिजे, आणि प्रश्न ११ मधली चाचणी पार झाली पाहिजे. "चौदा दिवस झाले" ही अट यात नाही. यीस्टला तारीख कळत नाही.

अपेक्षित आकडा यीस्टच्या पाकिटावरून काढा. तिथे ७५ टक्के लिहिलं असेल, तर ५० अंकांपैकी सुमारे ३७-३८ उतरतील आणि बिअर १.०१२-१.०१३ ला थांबेल.

१३. अल्कोहोल किती टक्के झालं, हे कसं काढायचं?

सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा करा आणि १३१.२५ ने गुणा. १.०५० वजा १.०१० म्हणजे ०.०४०, गुणाकार ५.२५ टक्के. घरच्या हिशोबाला पुरेसं अचूक आहे.

१४. सुरुवातीची ग्रॅव्हिटी मोजायलाच विसरलो. आता?

बिअरला काही होत नाही. आंबून झाली का, हे शेवटचे दोन सारखे आकडेच सांगतात. तयार एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा घट्ट पाक किंवा पूड) वापरला असेल, तर त्याचं वजन आणि पाण्याचं माप यांवरून सुरुवातीचा आकडा बराच जवळ काढता येतो. दाण्यापासून केली असेल, तर बिअर एकाच वेळी हायड्रोमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून मूळ ग्रॅव्हिटी मागे जाऊन काढणारे कॅल्क्युलेटर असतात.

ज्यांनी मोजली पण आकडा भलताच आला, त्यांनी आठवून पाहावं: घट्ट वॉर्टवर वरून पाणी ओतलं होतं का? नीट मिसळलं नाही तर जड वॉर्ट खाली बसतो, वरून घेतलेला नमुना पातळ येतो आणि तोटीतून घेतलेला दाट.

१५. १.०२० वर आठवडाभर अडकली आहे. काय करू?

आधी मापन तपासा. "अडकलेल्या" बॅचेसपैकी कित्येक रिफ्रॅक्टोमीटरच्या दुरुस्त न केलेल्या आकड्यामुळे अडकलेल्या असतात (प्रश्न ७), काही चुकीच्या हायड्रोमीटरमुळे (प्रश्न ५).

मग विचारा, ती खरंच अडकली आहे की तिथेच संपली आहे? मॅश (दाणे गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) ६९-७० अंशांवर केला असेल, तर यीस्टला न पचणाऱ्या शर्करा जास्त राहतात. लॅक्टोज टाकलं असेल, तर ते यीस्ट खात नाही, ते तसंच उरतं. विंडसरसारखी काही यीस्ट माल्टोट्रायोज ही शर्कराच सोडून देतात, त्यांचा आकडा वर थांबणं हा त्यांचा स्वभाव.

याचा निकाल लावणारी चाचणी यीस्ट टाकायच्या दिवशीच सुरू करता येते, आणि ती मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. त्याच वॉर्टमधला पाव लिटर वेगळ्या स्वच्छ बाटलीत घ्या, त्यात भरपूर यीस्ट टाका, तोंडावर फॉइल सैल गुंडाळा, २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि येता-जाता हलवा. दोन-तीन दिवसांत हा नमुना आपल्या शेवटच्या आकड्याला पोचतो. तो १.०१९ ला थांबला, तर मोठी बॅचही १.०२० ला झाल्यातच जमा. तो १.०११ पर्यंत गेला, तर मोठी बॅच खरंच अडकली आहे. त्या दिवशी राहून गेलं असेल, तर आता बॅचमधला नमुना घेऊन त्यात ताजं यीस्ट टाकूनही हेच करता येतं.

खरी अडकली असेल, तर तापमान २१-२२ अंशांवर न्या आणि फर्मेंटर झाकण न उघडता हळू गोल फिरवा, म्हणजे खाली बसलेलं यीस्ट वर येईल. रात्रीच्या थंडीत यीस्ट झोपी गेलं असेल, तर एवढ्याने जागं होतं. चार दिवसांत फरक नसेल, तर थोड्या वॉर्टमध्ये ताजं यीस्ट लावा आणि ते फसफसत असतानाच ओता. कोरडं यीस्ट थेट टाकलं, तर अल्कोहोल असलेल्या, साखर संपत आलेल्या बिअरमध्ये ते सहसा तग धरत नाही. आणि आता हवा मिसळू नका. ती पहिल्या दिवशी हवी होती.

१६. उलट झालंय, आकडा १.००२ पर्यंत उतरला आणि अजून उतरतोय.

साधी साखर किंवा मध भरपूर टाकला असेल, तर इतकं खाली जाणं नैसर्गिक आहे. नसेल तर यीस्टचं नाव पाहा. सेझाँ (बेल्जियन बिअरचा एक प्रकार) पद्धतीची बरीच यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारची असतात. ती स्वतःचं एन्झाइम सोडून न पचणाऱ्या शर्करा तोडतात आणि आठवडेच्या आठवडे सावकाश खात राहतात. अशा बॅचला दोन-तीन दिवसांचं अंतर पुरत नाही. आकडा किमान दोन आठवडे स्थिर दिसल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

यीस्ट साधं असूनही असं होत असेल, तर संसर्ग धरा, किंवा आधीच्या सेझाँचं यीस्ट नळीत, तोटीत राहून गेलं असेल. प्लास्टिकच्या नळ्या बदला.

१७. ड्राय हॉप टाकल्यावर आंबणं पुन्हा सुरू झालं. हे कसं?

ड्राय हॉप म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये टाकलेले हॉप्स. त्यांनी दोन गोष्टी होतात. लगेच उसळणारा फेस म्हणजे हॉप्सच्या कणांवर सुटणारा विरघळलेला वायू, तो काही तासांत संपतो. दुसरी गोष्ट खरी आंबवण आहे. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम असतात, ती उरलेल्या जड शर्करा तोडतात आणि यीस्टला नवं खाद्य मिळतं. ब्राउन आणि मॉरिस या रसायनशास्त्रज्ञांनी हे १८९३ मध्येच नोंदवलं होतं. अलीकडे हॉप्स मुठी-मुठींनी पडू लागले आणि ते पुन्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

म्हणून ड्राय हॉपच्या आधीचे "स्थिर" आकडे त्यानंतर धरू नका. प्रश्न १२ मधल्या अटी पुन्हा तपासा, डायअ‍ॅसिटिलसकट, कारण नव्या आंबवणीबरोबर तेही नव्याने तयार होतं.

१८. पीएच मोजायची गरज आहे का?

साध्या बिअरला सक्ती नाही. मोजलात, तर वॉर्ट ५.२ ते ५.५ वरून तयार बिअरमध्ये ४.० ते ४.५ पर्यंत येतो आणि यातली बरीचशी घसरण पहिल्या एक-दोन दिवसांतच होते. बुडबुडे नसताना पीएच उतरला असेल, तर यीस्ट कामाला लागलंय याची ती लवकरची खूण. तयार बिअरचा आकडा ४ च्या बराच खाली गेला आणि तुम्ही आंबट बिअर करत नसाल, तर संसर्गाचा संशय घ्या. पीएच ही कल्पनाच मुळात बिअरशी जवळची आहे: रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी ती १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली.

१९. थंड करताना एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं गेलं.

आतला वायू आकसला की असं होतं. जंतुनाशक मिसळलेलं चमचाभर पाणी गेलं तर बिअर वाया जात नाही, पण मागोमाग हवाही जाते. पुढच्या वेळी थंड करण्यापूर्वी एअरलॉक काढून भोक बंद करा (भांडं लवचिक असेल तरच) किंवा वायूने भरलेला फुगा जोडा. कडक भांडं पूर्ण बंद करू नका, ते आत दबतं.

२०. लहान बंद खोलीत फर्मेंटर ठेवला तर चालेल?

हवा खेळती हवी. प्रश्न ३ मधला ४०० लिटर वायू आठवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खालच्या भागात साचतो. एका फर्मेंटरने मोठ्या खोलीत काही होत नाही. तळघर, बंद कपाट किंवा फ्रीज उघडताना मात्र डोकं आत घालण्याआधी दार काही वेळ उघडं ठेवा.

२१. बाटलीत भरल्यावरही लक्ष ठेवायचं का?

हो, कारण बाटलीतही आंबणं चालूच असतं, आपण मुद्दाम साखर टाकलेली असते. लिटरमागे ४ ग्रॅम साखरेतून साधारण एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आता बॅच ४ अंक आधीच भरली असं समजा: ते ४ अंक बाटलीत उतरताना आणखी २ व्हॉल्यूम तयार करतात. अडीच व्हॉल्यूमच्या बेताने भरलेली बाटली साडेचारवर जाते आणि साध्या बिअरच्या काचेला ते झेपत नाही.

दर बॅचमधली एक बाटली मऊ प्लास्टिकची भरा. भरल्यावर अंगठ्याने दाबून पाहा, लवचिक लागेल. आठवड्या-दोन आठवड्यांत ती कडक झाली, की बाकीच्यांतही वायू भरला. त्याच दिवशी एक काचेची बाटली गार करून उघडा. फेस जरुरीपेक्षा जास्त उसळला, तर सगळ्या बाटल्या लगेच थंडीत हलवा. हलवताना डोळ्यांवर चष्मा, हातांत जाड मोजे, बाटल्यांवर टॉवेल. थंडीने यीस्ट मंदावतं आणि दाबही उतरतो. पूर्ण गार झाल्यावर एकेक झाकण किंचित उचलून वायू सोडा आणि पुन्हा लावा. भिंतीला भेग दिसलेली बाटली उघडू नका, टॉवेलात गुंडाळून तशीच टाकून द्या.